काकडी खाणारी

"दर्शना, ती स्वतःची पिल्लं खातेय गं!" तिच्या सासूबाई, मृणालिनीबाई, फोनवर म्हणाल्या आणि दर्शनाची पेन्सिल कागदावर होती तिथंच थांबली. कोण, कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. घरी बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीमागे, झाकणाला भोकं पाडलेल्या एका प्लास्टिकच्या डब्यात बोटभर लांबीची, तपकिरी, पाठीवर शंख नसलेली गोगलगाय होती. आणि तिच्यासोबत तांदळाएवढे टोकदार शंख पाठीवर घेतलेल्या बारीक गोगलगाई. सासूबाई त्या डब्याविषयी बोलत होत्या. "आत्ता डोळ्यांनी बघितलं मी. जिवतीची पूजा झाली, म्हटलं त्या बिचारीच्या डब्यातही दोन अक्षता टाकाव्यात, तीही लेकुरवाळी आहे. झाकण उघडते तर हिनं एका पिल्लाच्या शंखात तोंड खुपसलेलं. नळीसारखं तोंड, अगं! आतलं सगळं ओढून घेतलं. काटा आला माझ्या अंगावर. श्रावणातला शुक्रवार, आणि आपल्या घरात हे?" "आई, तुम्ही नुसतं झाकण लावा. मी येते." "तू कशाला येतेस काम टाकून? पिल्लं काढून घेतलीत मी वेगळी. तिला खाली बागेत सोडून येते. असली आई काय कामाची?" "नका सोडू!" संस्थेच्या वाचनालयातल्या दोघातिघांनी माना वर केल्या इतक्या मोठ्यानं ती ओरडली. "आई, प्लीज. ती एकच आहे." पण सासूबाईंनी फोन ठेवलेला होता. पुन्हा लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. त्या फोन नेहमी फ्रीजवर ठेवत आणि मग घरभर विसरून फिरत.

ती एकच होती हे अगदी खरं होतं. दर्शनाच्या आईच्या माहेरी, कणकवलीच्या पुढं, जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, शेवाळात ती सापडली होती. वरून बघावं तर पावसाळ्यात मुंबईभर न्हाणीघराच्या भिंतीवर चढणारी, चामड्यासारख्या पाठीची, पानं कुरतडणारी गोगलगाय. दर्शना गोगलगाईंवर संशोधन करायची त्या संस्थेतल्या सरांनी फोटो बघून दोन सेकंदांत निकाल लावला. पानखाऊ आहे, हजार वेळा पाहिलीय. पण येताना एसटीत दर्शनानं डबा उघडला, तेव्हा शेवाळासोबत चुकून आलेल्या बारीक गोगलगाईंचे शंख रिकामे झाले होते. स्वच्छ, धुतल्यासारखे. तेव्हापासून तिला चैन नव्हतं. चामड्या पाठीच्या त्या सगळ्या पानखाऊ गोतावळ्यात एक छोटं घराणं शिकारी आहे, पूर्वेकडच्या देशांत, हे तिनं वाचलं होतं. आपल्या इकडच्या डोंगरात त्यातलं कुणी असल्याचं तिच्या वाचनात नव्हतं. सर म्हणाले, "तुला वाटतं ना? मग मार आणि उघड. दात बघ, नळ्या बघ. उघडल्याशिवाय नाव नाही." बरोबरच होतं त्यांचं. पाण्यात बुडवून हळूहळू मारायची, म्हणजे आखडत नाही. मग उभी चिरायची. दर्शनानं आजवर कितीतरी उघडल्या होत्या. हिच्यावर मात्र हात चालेना. आज करू, उद्या करू. त्यात संस्थेच्या वरच्या मजल्यावर नमुन्यांच्या कपाटांना कीड लागू नये म्हणून औषधाचा धूर द्यायचं ठरलं, जिवंत काही ठेवायची सोय राहिली नाही, आणि डबा घरी आला. घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं होतं, "ईऽ! काय खाते गं ही?" आणि दर्शना म्हणाली होती, "काकडी."

पर्स उचलून ती बाहेर पडली. टॅक्सीवाले गिरगाव म्हटलं की मान हलवत होते. जवळचं भाडं कुणालाच नको. एकानं तर विचारलं, "मॅडम, गणपती के मंडप का बांबू डाला है उधर, जाओगे कैसे?" मग ती चालायलाच लागली, धोबीतलावाच्या दिशेनं, भरभर, आणि चालता चालता तिला स्वतःचाच राग येत राहिला. काकडी! काय सुचलं ते. खरं म्हणजे सुचलंच नव्हतं, आपोआप तोंडातून आलं होतं, शिंक यावी तसं. या घरात 'काय खाते' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे जिभेला पाठ झालं होतं. लग्नाआधी शंतनू पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा मृणालिनीबाईंनी बटाटेपोहे पुढं ठेवत अगदी प्रेमानं विचारलं होतं, "तुला आमच्याकडचं चालेल ना गं? नाही म्हणजे, तुमच्यात कसं असतं..." आणि ती म्हणाली होती, "मला काहीही चालतं." किती हुशार उत्तर वाटलं होतं तेव्हा. खोटं नव्हतं. तिला सगळं चालत होतं. वरणभात, लिंबाचं लोणचं, अळूची भाजी, सगळं. आणि मृणालिनीबाईंच्या हाताला चव होती, त्यांच्यासारखी साटोरी तिच्या माहेरी, काळाचौकीत, कुणी जन्मात खाल्ली नसेल. प्रश्न काय चालतं हा नव्हताच. काय हवं हे कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही, आणि मग त्याची सवय झाली. पुढं सासूबाई बायकांना कौतुकानं सांगायला लागल्या, "आमची दर्शना कळतसुद्धा नाही हो लालबाग-परळची आहे म्हणून." बायका हसत. दर्शनाही हसे. गोगलगाय नि पोटात पाय.

शंतनूचं म्हणणं सोपं होतं. "घरात कशाला हवं? बाहेर खातोच की आपण." आणि खात होताच लेकाचा! लालबागच्या खानावळीत सुरमई मागवावी तर ती शंतनूनंच. काटे काढायला तो तिच्याकडूनच शिकला, आणि आता तिच्यापेक्षा सफाईनं काढायचा. परत येताना बडीशेप चघळायचा, लिफ्टमध्ये हाताचा वास घेऊन बघायचा, दारात शिरताच "आई, काय केलंयस आज?" सासूबाईंना वास येत नसेल? नक्कीच येत असेल. त्या विचारायच्या नाहीत, तो सांगायचा नाही, आणि घर आनंदात चाललं होतं. या आनंदाचा दर्शनाला अलीकडं वीट आला होता. आपल्याला नक्की काय बोचतंय हे तिलाच धड सांगता आलं नसतं. कुणी छळत नव्हतं. कुणी टोचून बोलत नव्हतं. ताटात तूप जरा जास्तच पडत होतं. तरी रात्री पोट टम्म असताना तिला भूक लागायची, आणि ती भूक पोटाच्या जागेवर नसून कुठंतरी दातांच्या मुळाशी असायची.

दातांवरून आठवलं, म्हणजे ते डोक्यातून गेलंच नव्हतं. पूर्वीच्या अभ्यासकांनी जगातल्या सगळ्या शिकारी गोगलगाई एका खणात टाकल्या होत्या. कारण साधं होतं. पानखाऊंची जीभ किसणीसारखी, बारीक बारीक दातांची. शिकाऱ्यांच्या जिभेवर लांब काटे, बाभळीसारखे, सावज ओढून घ्यायला. काटे सारखे, म्हणजे कूळ एक. मग मागून कुणीतरी त्यांची पोटं नीट उघडली, आतल्या नळ्या पाहिल्या, अलीकडं तर पेशींतूनच नातं काढता येतं, आणि तो खण फुटला. युरोपातली वेगळी, काळ्या समुद्राकडची वेगळी, पूर्वेकडची वेगळी. एकमेकींशी सुतराम संबंध नाही. सगळ्यांना एकच भूक लागली म्हणून सगळ्यांचे दात सारखे झाले, इतकंच. आणि उलट, ही चामड्या पाठीची, हिचं रक्ताचं नातं खरोखरच पानखाऊंशी. सख्खी चुलत बहीण. रक्त एक सांगतं आणि दात दुसरंच सांगतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दर्शनाला ते फार सुंदर वाटलं होतं. आता मंडपाच्या बांबूंमधून वाट काढताना तिला वाटलं, कुणी इतकी वर्षं नुसतं वरणभातावर राहिलं तर काटे झिजतात का? पिढ्या जाव्या लागतात त्याला. एका आयुष्यात नुसते ठणकतात. आणि पुढच्या पिढीत? तिचा हात ओढणीखाली पोटावर गेला आणि तिनं तो चटकन काढून घेतला, कुणी बघत असल्यासारखा.

तिसरा महिना होता. शंतनूला माहीत होतं. सोनोग्राफी झाली की आईंना सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. काळाचौकीला मात्र लपवता आलं नव्हतं. मागच्या रविवारी ती माहेरी गेली तर मालननं, तिच्या आईनं, दार उघडून एकदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय गो, तोंड असा कित्या केलंस? काय खावचा वाटता?" आणि दर्शना, जी परीक्षेत नापास झाली तेव्हा रडली नव्हती, लग्नात रडली नव्हती, ती चपला काढता काढता रडायला लागली होती. "तिसऱ्या," ती म्हणाली होती. "एकशिपी." मालनच्या घरीही श्रावण असे, गणपती जाईपर्यंत मासळी नाही. पण गरोदर बाईला कसला आलाय श्रावण, अशा ठसक्यात ती पदर खोचून म्हणाली, "गुरवार बाईक श्रावन लागना नाय. पोटातला मागता ता. तू खंय मागतंस?" त्या रविवारी बाजारात तिसऱ्या चांगल्या नव्हत्या, येत्या रविवारी बघू, असं ठरलं. तेव्हापासून दर्शनाच्या डोक्यात तेच चाललं होतं. लहानपणी मालन मोरळीवर बसून तिच्या पात्यानं तिसऱ्या उघडायची, एक शिंपला टाकायचा, मांस असलेला ठेवायचा. ओलं खोबरं, आमसुलं, वाटप. दर्शना जेवून झाल्यावर शिंपले धुऊन खिडकीत मांडायची, आतल्या बाजूला मांस चिकटलेलं असतं तिथली फिकट खूण बोटानं चाचपायची, सारख्या खुणांचे शिंपले एका रांगेत ठेवायची. मालन ओरडायची की वास मारतंय, फेक ते. पुढं कॉलेजात बाईंनी विचारलं, हा विषय का घेतलास, तेव्हा ती काहीतरी भारदस्त बोलली होती. तिचं सगळं शास्त्र ताटातून सुरू झालं होतं हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि आईचं ते वाक्य तिला सलत होतं. तू खंय मागतंस? मीच मागतेय की. पोटातल्याला अजून तोंड तरी धड फुटलंय का?

ठाकुरद्वारला पोचेपर्यंत ती घामानं निथळली होती. फोन पुन्हा लावला, रिंग. सासूबाई लिफ्टमधून डबा घेऊन उतरताहेत असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं येत होतं. काठपदराची साडी, हातात डबा, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगताहेत, बघा हो, स्वतःच्या पोरांना खाते. त्या निष्ठुर नव्हत्या. निष्ठुर असत्या तर सोपं झालं असतं. रोज पूजा झाली की त्या काकडीची पातळ चकती कापून डब्यात ठेवत, पाणी शिंपडत, जुनी चकती तशीच सुकलेली बघून म्हणत, "तोंडाला चव नाही वाटतं हिच्या." पिल्लं कमी होताहेत हे त्यांना दिसलं होतं. सांडली असतील भोकांतून, म्हणून त्यांनी भोकांवर जाळी लावली. बारक्यांना त्या पिल्लं समजतात हे दर्शनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिनं ते तसंच चालू दिलं, कारण नाहीतर सांगावं लागलं असतं की ती पिल्लं नाहीत, जेवण आहे. श्रावणात, तुळशीमागे, देवघराच्या भिंतीपलीकडे जिवंत जेवण. त्या देवघरात जिवतीचा कागद डकवलेला असे, मांडीवर पोर, अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या देवीचा. तात्या, म्हणजे सासरे, गेल्यावरही मृणालिनीबाईंनी तो लावणं सोडलं नव्हतं. "लेकराची पूजा आहे ती, नवऱ्याची नाही," असं त्या बजावून सांगत. दर श्रावणी शुक्रवारी मोठ्या घोड्यासारख्या शंतनूला पाटावर बसवून ओवाळत. तो ऑफिसात असला तर चारी दिशांना अक्षता टाकत. आज त्यातल्याच दोन अक्षता डब्यात टाकायला त्या गेल्या होत्या. दर्शनाला एकदम भरून आलं आणि लगेच संतापही आला. कुणावर, ते कळेना.

जुनी चाळ पाडून बांधलेल्या त्यांच्या उंच इमारतीच्या खाली बागेच्या नावानं क्रोटनची एक पट्टी होती. दर्शना थेट तिथं गेली आणि गुडघ्यांवर बसली. वॉचमन धावत आला. "मॅडम, क्या गिरा?" "कुछ नहीं. माताजी आयी थी क्या नीचे?" "देखा नहीं. मैं अभी चाय पीने गया था." ती पानं उलटत गेली. ओल्या मातीत, तिसऱ्या झाडाच्या बुडाशी ती दिसली. तपकिरी, बोटभर, चामड्या पाठीची, अंग आखडून बसलेली. दर्शनाच्या छातीतला दगड उतरला. तिनं तिला अलगद तळहातावर घेतलं. आणि मग लिफ्टच्या पांढऱ्या उजेडात बघताना तिला शंका आली. पाठीवरची रेघ थोडी फिकट होती का? पोटाखालचा पट्टा जरा रुंद? की हीच ती? इतके दिवस जिला भिंगाखाली पाहिलं, जिची कागद भरभरून चित्रं काढली, ती हीच का दुसरी कुणी, हे तिला सांगता येईना. वरून काहीच फरक नव्हता. उघडल्याशिवाय नाव नाही. तळहातावर तो ओला, गार, निमूट जीव हळूहळू लांब होत होता, आणि तिला त्याच्याविषयी काहीही माहीत नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं.

दार मृणालिनीबाईंनीच उघडलं. "अगं, आलीस पण? घामाघूम झालीयस! बस आधी, पाणी घे." डबा डायनिंग टेबलावर होता. शेजारी एक वाटी, वाटीत तुळशीची माती आणि मातीवर बारीक शंखांच्या गोगलगाई, मध्ये मध्ये त्याच मापाच्या अक्षता. डब्यात तिची ती होती, काकडीच्या चकतीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब, कोपऱ्यात चिकटून. "नाही सोडली?" दर्शना म्हणाली. "तू ओरडलीस ना एवढी," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, येऊ दे. आणि खरं सांगू? लिफ्टपर्यंत गेले होते. मग वाटलं, उपाशी असेल म्हणून खाल्लं असेल तिनं. मांजर नाही का खात एखादं? बाळंतिणीला आपण नीट घातलं नाही. ही काय, अजून एक आणलीस?" दर्शनानं तळहातावरची स्टीलच्या ताटलीत ठेवली. तिनं नवी काकडी घेतली, एक चकती कापली आणि तिच्यापुढं ठेवली. दोघी टेबलाशी उभ्या राहून बघत राहिल्या. थोड्या वेळानं ताटलीतलीनं शिंगं बाहेर काढली, चकतीच्या कडेवर चढली आणि हिरव्या सालीजवळ पांढुरका खड्डा पडायला लागला. "ही खाते बघ!" मृणालिनीबाई आनंदानं म्हणाल्या. "मग ती का नाही खात? दोघी एकसारख्या तर आहेत." "एकसारख्या दिसतात," दर्शना म्हणाली. "ती काकडी खात नाही, आई. कधीच खात नाही. ती या बारक्यांना खाते. मी त्यासाठीच सोडली होती ती डब्यात."

मृणालिनीबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग वाटीकडं. "म्हणजे तिची पिल्लं नाहीत ही?" "नाहीत. काहीच नातं नाही. दुसरीच जात." आणि दर्शनाला वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की अक्षतांमधला एक दाणा हलला. "तिची नाहीत! अगं मग आधी नाही का सांगायचं? माझा जीव नुसता कासावीस झाला होता सकाळपासून. मला वाटलं, आई असून..." आणि त्या चक्क चिमटीनं एकेक बारकी उचलून परत डब्यात ठेवायला लागल्या, देवाला फुलं वाहावी तशा. "खा बाई. तुझी नाहीत तर खा. परक्याचं काय एवढं." हे शब्द त्यांनी अगदी सहज म्हटले, मायेनं. दर्शनाला मात्र फोनवरच्या वाक्यानं बसला नव्हता एवढा धक्का बसला. तिनं खुर्चीची पाठ धरली. तिला वाटत होतं श्रावण मोडेल, पातक होईल, रुसवा होईल. या घरात गोष्टी कशावर ठरतात हे तिला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. काय खातेस हा प्रश्नच नव्हता. आपली की परकी, एवढंच होतं.

"पण मग काकडी खाते असं का सांगितलंस तू?" डब्याचं झाकण हातात घेऊन सासूबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी रोज वेड्यासारखी चिरून ठेवत होते." "श्रावण होता," दर्शना म्हणाली. मग म्हणाली, "श्रावणाचंही नाही. तुम्ही विचारलंत की तेच तोंडात येतं माझ्या." "म्हणजे?" स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आता नाही बोललं तर कधीच नाही, असं दर्शनाला वाटलं. "आई, मला तिसऱ्या खायच्यात."

मृणालिनीबाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांची नजर सुनेच्या तोंडावरून हळूहळू खाली उतरली आणि ओढणीपाशी थांबली. त्यांच्या हातातलं झाकण टेबलावर गेलं. "कितवा?" त्यांनी कुजबुजत विचारलं. दर्शनानं मान खाली घातली. "तिसरा." "अगं बाई!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, सोडले, देवघराकडं धावल्या, करंडा घेऊन परत आल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोलणं थांबत नव्हतं. "आणि मला सांगायचं नाही? आज जिवतीच्या दिवशी, बघ तरी! म्हणून एवढी ओढलीयस. आणि ते खायचंय ना, त्यात लाजायचं काय? डोहाळे आहेत ते. बाळाचे डोहाळे पुरवायचे असतात, नाहीतर बाळाचा जीव तळमळतो. श्रावणबिवण मी बघते. शंतनूला सांगते, बाहेरून घेऊन ये, बाल्कनीत पाट मांडून देईन तुला. त्याला हवंय, तू थोडीच मागतेयस!" कुंकवाचं बोट कपाळाकडं आलं. हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं की पुढचे सहा महिने बाल्कनीत पाट, तिसऱ्या, बांगडे, सगळं. बाळाच्या नावानं, प्रेमानं, कौतुकानं. काळाचौकीची आई हेच म्हणाली होती. दोन्ही घरांनी मिळून तिची भूक एका बोटभर जिवाच्या नावावर करून टाकली होती, आणि तो जन्मला की ती भूक संपणार होती. दर्शनानं सासूबाईंचं मनगट धरलं.

"बाळाला नकोय, आई. मला हवंय. बाळ नव्हतं तेव्हाही हवं होतं. ते झाल्यावरही हवं असेल. आत्ता श्रावणात नको, तुमचा श्रावण मला मोडायचा नाही. पण गणपती झाले की या घरात. बाल्कनीत नाही. इथं, टेबलावर."

कुंकवाचं बोट हवेत राहिलं. मृणालिनीबाईंच्या तोंडावरचा आनंद एकदम गेला नाही; आधी ओठांवरून गेला, डोळ्यांत थोडा वेळ तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं तू माझ्या हातचं जेवलीस, ते?" त्या प्रश्नात एवढं दुखावलेपण होतं की दर्शनाला काकडी म्हणावंसं वाटलं, काहीही म्हणावंसं वाटलं, मला काहीही चालतं म्हणावंसं वाटलं. ती म्हणाली, "आवडीनं जेवले. खोटं नाही सांगत, फार आवडीनं जेवले. पोट नाही भरलं, आई."

कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मृणालिनीबाईंनी पदराला बोट पुसलं आणि खाली डब्यात बघत राहिल्या. कोपऱ्यातली आता लांब झाली होती, एका बारक्या शंखाकडं सावकाश सरकत होती. त्यांनी तोंड फिरवलं नाही. मग डब्यात हात घातला, तिच्यापुढची सुकलेली काकडीची चकती काढून घेतली, आणि ताटलीतल्या दुसरीपुढं ठेवली.